तोडलेल्या फळाचा श्वास: लाख, डिंक आणि कोरफड यांच्या लेपांविषयी

झाडावरून तोडलेले फळ देठापासून वेगळे झाले तरी जिवंतच असते, आणि काढणीनंतरच्या फळाविषयीचा कोणताही शास्त्रीय विचार या एका गोष्टीपासून सुरू करावा लागतो. त्याच्या पेशी हवेतील प्राणवायू घेतात, साठवलेली साखर आणि आम्ले खर्च करतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. या क्रियेला फळाचे श्वसन म्हणतात. झाडावर असताना हा खर्च मुळे आणि पाने भरून काढत असतात. तोडल्यानंतर मात्र फळाला शिल्लक साठ्यावर जगावे लागते, आणि तो साठा जितक्या वेगाने संपतो तितक्या वेगाने ते म्हातारे होते. त्याच वेळी सालीवाटे पाणी उडून जात असते, त्यामुळे वजन घटते, साल सुरकुतते आणि गर मऊ पडतो. फळावर नैसर्गिक पदार्थांचा पातळ लेप देण्याची जी पद्धत आज जगभर अभ्यासली जात आहे, तिचा हेतू पाण्याची आणि वायूंची ही ये-जा काही अंशी अडवणे, पण पूर्ण बंद न करणे, एवढाच आहे. किती अडवायचे आणि किती मोकळे ठेवायचे, यात या विषयाची सगळी अवघड बाजू सामावलेली आहे.

निसर्गाने प्रत्येक फळाला असा एक लेप दिलेलाच असतो. सालीच्या सर्वांत बाहेरच्या पेशींवर क्यूटिन नावाच्या पदार्थाचा आणि मेणाचा सलग थर असतो, त्याला उपत्वचा म्हणतात. या थरातून पाणी फार सावकाश जाते, आणि वायूंची देवघेव मुख्यतः सालीवरील सूक्ष्म रंध्रांतून, देठाच्या जखमेतून आणि आंब्यावर ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या वातरंध्रांतून होते. या नैसर्गिक मेणाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर छत्तीसगडमध्ये रखिया म्हणून ओळखला जाणारा कोहळा पाहावा. पूर्ण तयार झालेल्या कोहळ्यावर हाताला लागणारी पांढरी भुकटी हे मेणच असते, आणि ती न पुसता, सालीला जखम न होऊ देता तो माळ्यावर ठेवला किंवा शिंक्यात टांगला तर महिनोन्महिने टिकतो. रखियाच्या बड्या किंवा कोहळ्याचे सांडगे घालण्याचा दिवस घरातल्या बायकांना आपल्या सवडीने ठरवता येतो तो त्यामुळेच. द्राक्षावरची पांढुरकी झाक आणि जांभळावरची निळसर छटा हीही मेणाचीच रूपे आहेत. बाजारात नेण्यापूर्वी फळे धुतली, घासली आणि पुसली की हा थर बऱ्याच अंशी उतरतो, फळ स्वच्छ दिसू लागते पण उघडे पडते, आणि वरून लावायच्या लेपाची गरज पहिल्यांदा इथे निर्माण होते.

या उघडेपणाची किंमत शेतकऱ्याला पैशात मोजावी लागते. शंभर किलो फळातून पाच किलो पाणी उडून गेले तर वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाचा विसावा हिस्सा हवेत गेलाच, शिवाय बऱ्याच फळांना एवढ्या घटीनंतर सुरकुती दिसू लागत असल्यामुळे उरलेल्या पंचाण्णव किलोंचा भावही पडतो. लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत काढणीपासून विक्रीपर्यंतचे नुकसान मोजले गेले, त्यात लिंबूवर्गीय फळांचे नुकसान ९.६९ टक्के, आंब्याचे ९.१६ टक्के आणि पेरूचे १५.८८ टक्के आढळले. सर्वांत मोठा आकडा पेरूच्या वाट्याला यावा हे विसरण्याजोगे नाही, कारण पेरू हे गरिबाच्या परसातले आणि गरिबाच्या ताटातले फळ आहे, त्याच्यासाठी शीतगृह कोणी बांधत नाही आणि खोक्यात कागद घालून ते कोणी पाठवत नाही.

सर्व फळे सारख्याच पद्धतीने श्वास घेत नाहीत. केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात साठवणीतल्या सफरचंदांच्या श्वसनाची मोजणी केली तेव्हा त्यांना दिसले की पिकण्याच्या सुमारास श्वसन एकाएकी वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते. आंबा, केळी, पपई, सीताफळ आणि टोमॅटो यांत हे श्वसनाचे उधाण येते, आणि त्याबरोबरच इथिलीन नावाचा वायू फळ स्वतःच तयार करू लागते, जो शेजारच्या फळालाही पिकण्याची आज्ञा देतो; आंब्याच्या अढीत एक फळ पिकले की भोवतालची भराभर पिकतात, याचे कारण हेच. संत्रे, लिंबू, द्राक्ष आणि लिची यांत असे उधाण येत नाही, ती झाडावर जेवढी पिकली तेवढीच, आणि तोडल्यानंतर त्यांचा प्रवास फक्त उताराचा असतो. त्यामुळे पहिल्या गटात लेपाने पिकणे लांबवायचे असते, तर दुसऱ्या गटात मुख्यतः पाणी राखायचे असते, आणि एका गटासाठी बनवलेला लेप दुसऱ्याला चालेलच असे नाही.

लेप काम कसा करतो ते याच अनुषंगाने पाहावे लागते. सालीवर सुकलेला थर प्राणवायूला आत येताना आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर जाताना अडथळा करतो, त्यामुळे फळाच्या आत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असे वेगळे वातावरण तयार होते, इथिलीनचा परिणाम मंदावतो आणि पिकण्याची गती कमी होते. परंतु प्राणवायू एका मर्यादेखाली गेला की पेशी श्वसनाऐवजी किण्वनाचा मार्ग धरतात, म्हणजे साखरेपासून मद्यार्क आणि ॲसिटाल्डिहाइड तयार करू लागतात. फळ बाहेरून टवटवीत आणि चकचकीत दिसते, पण सोलल्याबरोबर आंबूस, दारूसारखा वास येतो. चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकात लांबच्या प्रवासासाठी संत्रावर्गीय फळांना मेण लावत असत आणि इंग्लंडमध्ये पुढे फळांना चरबी चोपडण्याची रीत होती, असे अन्नविज्ञानाचे ग्रंथ सांगतात. त्या दोन्ही रीतींनी पाणी अडले, पण फळाचा श्वासही कोंडला. केसाच्या जाडीपेक्षा कित्येक पट पातळ असा थर सर्वत्र सारखा बसवण्याचे तंत्र पुढे अमेरिकेत, पाण्यात मिसळणाऱ्या मेणाच्या द्रावांबरोबर आले. भारतात म्हैसूर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 'वॅक्सॉल' या नावाचा मेणाचा द्राव तयार केला, आणि पुढची कित्येक वर्षे देशभरच्या कृषी महाविद्यालयांतून आंबा, केळी, संत्री यांवर त्याचे प्रयोग होत राहिले.

मराठी मुलखात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण नागपुरी संत्र्याचे आहे. हे फळ ढिल्या सालीचे असते, साल आणि फोडी यांच्यामध्ये हवा असते, देठ ओढून तोडला तर देठाजवळची साल फाटते आणि त्या जखमेतून हिरव्या बुरशीचा शिरकाव होतो. आंबिया बहाराचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येते; मृगाच्या फळाला पुढे उन्हाळा गाठायचा असल्यामुळे पाण्याची घट त्याला अधिक भोवते. नागपूरला १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांसाठी स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन केंद्र आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, आणि तिथे धुणे, मेणलेप, प्रतवारी, बांधणी व शीतसाठवण यांची सलग पद्धत बसवण्याचे काम झाले. या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. मिलिंद लदानिया यांचा लिंबूवर्गीय फळांवरील विस्तृत इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काढणीनंतरच्या संत्र्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो आजही हाताशी ठेवावा लागतो. पॅकहाउसमध्ये फळ आधी पाण्याच्या टाकीत पडते, फिरत्या ब्रशांखालून जाते, पाणी निथळल्यावर त्यावर लेपाचा बारीक फवारा पडतो, मऊ ब्रश तो सर्वत्र पसरवतात आणि मग गरम हवेच्या बोगद्यातून जाताना थर सुकतो. या रांगेत सर्वांत महत्त्वाचा टप्पा कोणता असे विचारले तर फवाऱ्याचे नाव घेतले जाते, परंतु खरे महत्त्व धुण्याला आणि सुकवण्याला आहे. कारण जखमी किंवा मळक्या फळावर दिलेला लेप बुरशीलाच आत कोंडून तिचे रक्षण करतो, आणि अर्धवट सुकलेला लेप फळाला फळ चिकटवतो.

संत्र्याच्या गटात लेपाचा अतिरेक लवकर उघड होतो. मोसंबीसारख्या घट्ट सालीच्या फळापेक्षा संत्र्यात लेपाखाली मद्यार्क लवकर साचतो आणि चव बिघडते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. लाखेचा थर सर्वांत चकचकीत असतो पण वायूंना सर्वांत जास्त अडवतो, कार्नौबा नावाच्या ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण पाण्याला चांगले अडवते आणि वायूंना तुलनेने मोकळे सोडते, पण त्याची चकाकी बेताची असते. बाजार चकाकीला भाव देतो आणि जीभ श्वासाला, आणि या दोहोंत निवड करायची वेळ आली तर जिभेचा कौल मानणे हेच शास्त्राला धरून आहे.

नागपूरपासून रायपूर हावडा-मुंबई लोहमार्गावर सुमारे ३०० किलोमीटरवर आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अठराव्या शतकात छत्तीसगडशी जडलेले मराठी घरांचे नाते आजही रायपूरच्या जुन्या वस्त्यांत दिसते. बूढा तलावाच्या काठच्या बूढापाऱ्यात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा उभी आहे. मातृभाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, अर्थशास्त्राची परिभाषा हिंदीत घडवण्याचे कष्ट घेतले आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. त्या मासिकातले त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांनी पुढे १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभारण्यात पुढाकार घेतला, आणि छत्तीसगडच्या सहकारी चळवळीचा आरंभ त्यांच्या नावाशी जोडला जातो. या दोघांचा उल्लेख इथे केवळ स्थानिक आदरापोटी केलेला नाही. फळांवरच्या लेपाचा प्रश्न प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी सुटलेला असून तो अडला आहे तो भाषा आणि सहकार या दोनच जागी, हे पुढील विवेचनातून दिसेल.

छत्तीसगडला या विषयात वेगळे स्थान आहे, कारण जगातल्या फळलेपांत मोठे नाव असलेली लाख या राज्याच्या जंगलात आणि बांधावर तयार होते, आणि लाखेच्या उत्पादनात झारखंडच्या खालोखाल छत्तीसगडचा क्रमांक लागतो. केरिया लॅक्का या शास्त्रीय नावाचा बारीक कीटक झाडाच्या कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच उभारतो. हजारो कीटकांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर जो जाड थर बसतो तीच लाख. पळस आणि बोर यांवर येणारी ती रंगीनी, आणि कुसुमाच्या झाडावर, ज्याला महाराष्ट्रात कोशिंब म्हणतात, येणारी ती कुसुमी. कुसुमीचा रंग फिका आणि राळ अधिक चांगली असते. शेतकरी बिहन लाखेच्या, म्हणजे अंड्यांवर आलेल्या कीटकांसह कापलेल्या काड्यांच्या, मोळ्या नव्या झाडाच्या फांद्यांना बांधतो. त्यांतून बाहेर पडलेली पिल्ले दोन-तीन दिवस फांदीवर सरकत जागा शोधतात, आणि एकदा बसलेली मादी पुन्हा कधीच हलत नाही. रंगीनीची कातकी आणि बैसाखी, कुसुमीची अगहनी आणि जेठवी, अशी वर्षाला दोन-दोन पिके येतात, आणि धानाच्या शेतीत हाताला काम नसते त्या महिन्यांत यांतला पैसा घरात येतो.

फांदीवरची लाख खरवडून, कुटून, चाळून वारंवार पाण्याने धुतली की तिचा लाल रंग निघून जातो आणि दाणेदार चौरी उरते. जुन्या पद्धतीत ही चौरी कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळतात. उष्णतेने वितळलेली राळ कापडातून पाझरते, कारागीर ती गोळा करून तापलेली असतानाच हात, पाय आणि प्रसंगी दात लावून चहूकडून ताणतो, आणि ताणलेला पारदर्शक पत्रा गार झाल्यावर मोडून त्याचा चपडा होतो. या चपड्याने एकेकाळी जगभर गाणी पोचवली, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. लिंडसे आणि हार्लो यांच्या १९२१च्या अहवालानंतर रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था निघाली ती या व्यापाराच्या जोरावर, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तबकड्या प्लास्टिकच्या झाल्या तेव्हा लाखेच्या व्यापाराचा मोठा आधार निखळला. लाख पिकवणाऱ्या माणसाने आपल्या मालाचा भाव कोणत्या दूरच्या कारखान्यात ठरतो हे कधीच पाहिलेले नसते, आणि त्या काळचा हा अनुभव आजच्या नव्या ग्राहकांविषयी बोलतानाही ध्यानात ठेवला पाहिजे.

फळावर लावायची लाख साधा चपडा नसते. चौरी सौम्य अल्कलीत विरघळवून तिचा रंग उडवतात, आम्ल घालून ती पुन्हा घट्ट करतात आणि धुऊन वाळवतात. राळेत सुमारे पाच टक्के मेण असते, तेही हवे तर गाळून काढतात. लाख पाण्यात विरघळत नाही, ती मद्यार्कात किंवा अल्कलीत विरघळते, म्हणून पाण्यातला लेप करताना अमोनियासारखा पदार्थ घालावा लागतो, जो सुकताना उडून जातो आणि मागे पाण्याला दाद न देणारा थर राहतो. परदेशात या कामासाठी मॉर्फोलिन नावाचा पदार्थही वापरला जातो, पण युरोपीय संघात त्याला परवानगी नाही. तेव्हा राळ जंगलातली असली तरी तिला विरघळवणारा द्रव कोणता होता हे विचारल्याशिवाय लेपाला नैसर्गिक म्हणणे अपुरे ठरते. लाखेचा आणखी एक दोष छत्तीसगडच्या हवेत विशेष जाणवणारा आहे: शीतगृहातून काढलेले फळ पावसाळी दमट हवेत आले की त्यावर दव धरते आणि लाखेचा थर पांढुरका, डागाळल्यासारखा दिसू लागतो.

लाख ही कीटकाने दिलेली राळ आहे, ती वनस्पतिजन्य नव्हे, हेही स्पष्ट सांगणे भाग आहे. एकादशीला किंवा चातुर्मासात फळावर राहणाऱ्या घरांना, आणि जैन कुटुंबांना तर अधिकच, आपल्या फळावर काय लावले आहे हे जाणून घेण्याचा हक्क आहे. तो हक्क मान्य केल्याने लाखेचे मोल कमी होत नाही, उलट सालीसकट खायच्या पेरू-सफरचंदाला वनस्पतिजन्य लेप आणि सोलून खायच्या संत्र्याला लाखमिश्रित लेप अशी सरळ विभागणी करता येते.

वनस्पतिजन्य लेपांची सामग्रीही याच भूमीत आहे. धावड्याचा डिंक मराठी घरात बाळंतिणीच्या लाडवांसाठी तुपात तळून फुलवला जातो, तोच पाण्यात चिकट, पारदर्शक द्राव देतो. कांडोळाचा, म्हणजे इथल्या भाषेत कुल्लूचा, डिंक पाण्यात अनेक पटींनी फुगतो. डिंक आणि स्टार्च यांचे थर प्राणवायूला चांगले अडवतात, पण स्वतः पाणी ओढणारे असल्यामुळे बाष्पाला अडवत नाहीत, तर मेण आणि तेले बाष्पाला अडवतात. म्हणून चांगला लेप बहुधा मिश्र असतो, डिंकाचा पाया आणि त्यात बारीक विखुरलेले मेण. कांडोळाच्या खोडावर खोल आणि वारंवार घाव घातले की ते झाड मरते, आणि फळ टिकवण्यासाठी जंगल सुकवण्यात कोणतेही शहाणपण नाही. डिंकाची मागणी वाढण्याआधी घाव किती आणि कसे घालावेत याची शिस्त गोळा करणाऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे. धानाच्या या प्रदेशात भाताच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना मेण वेगळे निघते, आणि तुटलेल्या तांदळाच्या कणीतून स्टार्च मिळू शकते. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये सुरू झालेल्या एपील या कंपनीने वनस्पती तेलांपासून मिळणाऱ्या मोनोग्लिसराइड या मेदाचा लेप ॲव्होकाडोसारख्या फळांसाठी बाजारात आणला आहे. सालबियांच्या आणि मोहाच्या बियांच्या घट्ट मेदांचा तसा विचार छत्तीसगडमध्ये व्हायला हरकत नसावी.

कोरफडीचा लेप या सर्वांत घरगुती वाटणारा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त चुकीने केला जाणारा आहे. स्पेनमधील ओरिवेला येथील संशोधकांनी २००५ मध्ये द्राक्षांवर कोरफडीच्या गराचा लेप देऊन १ अंश सेल्सिअस तापमानात साठवण केली, तेव्हा लेप नसलेली द्राक्षे ७ दिवसांनंतर विक्रीयोग्य राहिली नाहीत, तर लेप दिलेली ३५ दिवसांपर्यंत टिकली. हा आकडा वाचून पान चिरले आणि चोळले असे करून चालत नाही. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक वाहतो तो आधी पूर्ण निथळू द्यावा लागतो, कारण तोच सुकवून रेचक काळा बोळ तयार होतो. मग हिरवी साल तासून फक्त पारदर्शक गर घ्यावा, घुसळावा, गाळावा आणि गरम करून जंतुरहित करावा लागतो, नाहीतर लेपच आधी आंबतो. स्पेनमधला प्रयोग शीतगृहातला होता हेही लक्षात ठेवावे, कारण रायपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्या टोपलीत कोणताही लेप सावलीची, पहाटेच्या काढणीची आणि गार हवेची जागा घेऊ शकत नाही.

या व्यवहाराचा खर्च-फायद्याचा हिशेब सहसा उलटा मांडला जातो. पॅकहाउसच्या रांगेत साधारणपणे एक टन लिंबूवर्गीय फळाला एक लिटरच्या आसपास लेप पुरतो, आणि त्यात कोरडा पदार्थ जेमतेम २०० ग्रॅम असतो. म्हणजे दहा लाख टन फळांना लेप दिला तरी सुमारे २०० टन राळ किंवा मेण पुरे. देशाचे कच्च्या लाखेचे उत्पादन वर्षाला काही हजार टनांत मोजले जाते, तेव्हा फळांच्या लेपामुळे लाख पिकवणाऱ्यांचा सगळा माल खपेल असे आश्वासन कोणी देत असेल तर ते खरे नाही. फायदा मिळेल तो प्रतीचा, म्हणजे खाण्याजोगी, शुद्ध, रंग उडवलेली लाख जर राज्यातच तयार झाली तर किलोमागे मिळणाऱ्या भावाचा. छत्तीसगड सरकारने २०२१च्या सुमारास लाखेच्या पिकाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे पीककर्जाची वाट मोकळी झाली, परंतु शुद्धीकरणाशिवाय ती वाट कच्च्या मालाच्या आडतीपाशीच संपते. दुसऱ्या बाजूला, लेपाचा पदार्थ टनाला २०० ग्रॅम लागत असेल तर शेतकऱ्याचा खरा खर्च पदार्थात नाहीच, तो स्वच्छ पाण्यात, ब्रशांत, सुकवणीच्या पंख्यांत आणि ऐन हंगामात ती रांग चालवणाऱ्या माणसांत आहे; हा खर्च एकट्या शेतकऱ्याला पेलणारा नाही, आणि वामनराव लाख्यांचा सहकार इथे उपयोगी पडतो.

कांकेरचे सीताफळ हे या सर्वांची कसोटी पाहणारे फळ आहे. शरद ऋतूत ते जंगलाच्या कडेने आणि बांधांवर आपसूक पिकते, आदिवासी स्त्रिया ते तोडून आणतात आणि बचतगटांमार्फत 'कांकेर व्हॅली फ्रेश' या नावाने विकले जाते. बीडच्या बालाघाटातल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या फळाचीही अडचण हीच आहे: डोळे उघडून त्यांच्यामधला भाग पिवळसर दिसू लागल्यावर फळ तोडावे लागते, त्यानंतर ते दोन-चार दिवसांत मऊ पडते, थंडी जास्त झाली की साल काळी होते आणि गर नीट पिकत नाही. त्याची साल सपाट नसल्यामुळे डोळ्यांमधल्या खाचांत लेप साचतो आणि उंचवट्यांवर विरळ बसतो, त्यामुळे एका बाजूला फळ गुदमरते आणि दुसऱ्या बाजूला सुकते. म्हणूनच गुळगुळीत संत्र्यावर यशस्वी ठरलेला लेप सीताफळावर तसाच उचलून लावणे चुकीचे आहे. इथे लेप अधिक पातळ, डिंकाचे प्रमाण कमी, बुडवण्याऐवजी धुक्यासारखा फवारा आणि १५ अंशांच्या आसपासची गार खोली असे मिश्र उपाय तपासून पाहावे लागतील, आणि तपासणीत केवळ फळाचे वजन आणि रूप न पाहता गराचा वास आणि चव नोंदवावी लागेल.

अन्नसुरक्षेच्या नियमांनी ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नौबा मेण आणि लाखेचे मेण लावण्यास मुभा दिली आहे, पण कोणते मेण लावले हे लेबलवर जाहीर करण्याच्या अटीवर. खनिज तेलाचा आणि रंगाचा लेप निषिद्ध आहे. फळबाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या सफरचंदांवर किंवा संत्र्यांवर हे जाहीर केलेले क्वचितच आढळते, आणि त्या मौनामुळेच सुरीने साल खरवडून पांढरी पूड दाखवणाऱ्या चित्रफिती घरोघर फिरतात. त्या पुडीत सफरचंदाचे स्वतःचे मेणही असते, हे कोणी सांगत नाही. भीती घालवायची असेल तर खोक्यावर ग्राहकाच्या भाषेत, हिंदीत, छत्तीसगडीत आणि मराठीत, लेपाचे नाव, तो कशापासून झाला आणि फळ कोणत्या दिवशी तोडले हे तीन शब्दसमूह छापले पाहिजेत. शास्त्राची परिभाषा लोकभाषेत आणण्यासाठी सप्र्यांनी जे कष्ट घेतले त्यांचा आजचा उपयोग खोक्यावरच्या या छोट्या पट्टीत आहे.

रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय, नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि कांकेरचे बचतगट यांनी येत्या एका हंगामापुरते तरी एकत्र येऊन, गावातच धुण्या-सुकवण्याची एक लहान सामायिक रांग उभारावी, लेप दिलेली आणि न दिलेली सीताफळे व पेरू एकाच दिवशी तोडून रायपूरच्या बाजारात शेजारी-शेजारी विकावीत, आणि वजन, भाव, चव यांच्या नोंदी हिंदी-मराठीत जाहीर कराव्यात. शहरातल्या ग्राहकाने तोपर्यंत एवढे करावे की चकाकणारे फळ हातात घेतल्यावर भाव विचारण्याआधी त्यावर काय लावले आहे ते विचारावे, आणि विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर खोक्यावरची पट्टी दाखवायला सांगावी.